ए-स्कॅनवालं थिकनेस मशीन, दीड वर्ष पाइपांवर वापरून झाल्यावर

दीड वर्ष झालं हे मशीन घेऊन. मधे दोघातिघांनी विचारलं की कसं आहे, घेऊ का, तेव्हा मी थांबा म्हटलं, कारण शटडाऊनचा, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या दिवसांचा, एक सीझन पूर्ण काढल्याशिवाय अशा वस्तूबद्दल बोलू नये असं मला वाटतं. आता दोन काढून झाले. मी तळोज्याला छोटी एनडीटी (वस्तू न तोडता तपासणी) एजन्सी चालवते, यूटी म्हणजे अल्ट्रासोनिक तपासणीत लेव्हल टू आहे, आम्ही चार जण आहोत आणि आमचं बहुतेक काम म्हणजे केमिकल प्लांटमधल्या लायनींचा थिकनेस सर्व्हे, म्हणजे पाइपांच्या भिंतीची जाडी मोजणं, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, कधी लोट्याला पण जातो. सहा इंची, आठ इंची लाइन, एल्बो (वळणाचा तुकडा), टी, रिड्युसर, प्रत्येक पॉइंटला घड्याळाच्या बारा-तीन-सहा-नऊ अशा चार ठिकाणी प्रोब लावायचा, रीडिंग घ्यायचं, पुढे जायचं. दिवसाला तीनचारशे रीडिंग सहज होतात.

मशीन म्हणजे ड्युअल प्रोबचं थिकनेस गेज (प्रोबचा एक भाग पाइपमधे अल्ट्रासोनिक आवाज सोडतो, दुसरा आतल्या भिंतीवरून परत आलेला एको ऐकतो, लागलेल्या वेळेवरून जाडी निघते), पण नुसता आकडा दाखवणारं नाही, स्क्रीनवर ए-स्कॅन लाइव्ह दिसतो, म्हणजे परत आलेला एको कसा आहे ते वेव्हच्या रूपात समोर दिसतं. ५ मेगाहर्ट्झचा प्रोब, डेटा लॉगर, पेंटच्या वरून मोजायचा मोड, जीएसटी धरून साडेतीन लाखाच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण ज्या तक्रारी सांगणार आहे त्या या रेंजच्या दुसऱ्या दोन मशीनवर पण मला डेमोत दिसल्या, आणि एकदा नाव आलं की सगळे नावावरच बोलत बसतात, मूळ मुद्दा बाजूला राहतो.

आधी एक प्रसंग सांगते म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल. एका प्लांटमधे सहा इंची शेड्युल ४० ची (हा पाइपच्या जाडीचा स्टँडर्ड वर्ग) लाइन आहे, नवीन असताना ७.११ मिलिमीटर जाडी. तिच्या एका एल्बोच्या बाहेरच्या बाजूला दर वर्षी रीडिंग घेतो. या मशीनवर पहिल्यांदा घेतलं त्याच्या दोन वर्षं आधी ५.५ होतं, एक वर्ष आधी ५.१, आणि या मशीनवर ५.४ आलं. तिथल्या इन्स्पेक्शनच्या सरांनी रिपोर्ट बघितल्या बघितल्या फोन केला, मॅडम, लाइन जाड कशी होईल? बरोबरच होतं त्यांचं. मी परत गेले, परांचीवर चढले, जागा घासली, ग्रीस लावलं, प्रोब ठेवला, परत ५.४. प्रोब फिरवला, ५.४. हेल्पर म्हणाला मागच्या वर्षी चुकलं असेल. आणि खरं सांगते, जुनं मशीन असतं, ज्यात फक्त आकडा यायचा, तर मीही तेच म्हणून खाली उतरले असते.

पण स्क्रीनवर वेव्ह होती. ती रेक्टिफाय केलेली, म्हणजे सगळी वर उलटवलेली दिसत होती, मी सेटिंगमधे जाऊन आरएफ केली, जशी आहे तशी, वर खाली जाणारी. तेव्हा दिसलं की मशीनने पकडलेल्या एकोच्या आधी एक छोटासा उंचवटा आहे, स्क्रीनच्या साधारण पंधरा टक्के उंचीचा, आणि गेट, म्हणजे जिच्या वर गेलेल्या लाटेलाच मशीन एको मानतं ती रेघ, लागलंय वीस टक्क्यांवर. मशीनने तो पहिला उंचवटा सोडला आणि त्याच्या मागच्या मोठ्या उंचवट्याला एको म्हणून पकडलं.

आता याचं गणित बघा, कारण सगळा रिव्ह्यू यावरच उभा आहे. एको म्हणजे एक टोकदार काठी नसते, दोनतीन सायकलची छोटी लाट असते. ५ मेगाहर्ट्झला एक सायकल ०.२ मायक्रोसेकंदाची. स्टीलमधे आवाज ५.९२ मिलिमीटर प्रति मायक्रोसेकंद वेगाने जातो, आणि जाऊन येऊन अंतर दुप्पट म्हणून निम्मं करायचं, तर एक सायकल चुकली की ०.५९ मिलिमीटरचा फरक. माझी खरी जाडी होती ४.८, जायला यायला १.६२ मायक्रोसेकंद, मशीनने मोजले १.८२, म्हणून ५.४. आतून गंजलेली, खडबडीत भिंत असेल तर आवाज विखुरतो, एकोची सुरुवातच दबलेली येते, आणि जिथे पाइप सगळ्यात जास्त खराब झालाय नेमकं तिथेच ही चूक होते, तीही जाडी जास्त दाखवायच्या बाजूने. चांगल्या गुळगुळीत पाइपवर हे मशीन एकदाही चुकलं नाही. त्या लाइनची कमीत कमी जाडीची लिमिट प्लांटने ४.५ ठरवलेली होती, आणि मी ५.४ लिहून दिलं असतं तर तो एल्बो अजून तीन वर्षं तसाच चालला असता. पुढच्या शटडाऊनला तो कापून बदलला. कापलेला तुकडा मी मागून घेतला आणि टोकदार मायक्रोमीटरने मोजला, सगळ्यात पातळ जागी ४.७.

म्हणून माझं सरळ मत आहे, थिकनेस मशीन घेताना आकडा किती अचूक हे विचारूच नका, ब्रोशरमधे सगळ्यांचं ०.०१ लिहिलेलं असतं. आकडा काढायच्या आधी सिग्नलवर मशीन काय काय करतं आणि त्यातलं तुम्हाला किती दिसतं, किती बदलता येतं, ते विचारा. त्या हिशोबाने या मशीनमधलं काय चांगलं आणि काय वाईट ते सांगते.

आरएफ डिस्प्ले आहे, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. हाफ वेव्ह, फुल वेव्ह आणि आरएफ तिन्ही आहेत. फुल वेव्हमधे खालची लाट पण वर उलटते, त्यामुळे तिथे अर्ध्या सायकलचीही चूक होऊ शकते, म्हणजे ०.३ मिलिमीटर, आणि ती तर अजून फसवी कारण एवढा फरक लोक मोजणाऱ्याच्या हातावर घालून मोकळे होतात. गेट हाताने हलवता येतं, उंची बदलता येते, एकोच्या चढावर पकडायचं की टोकावर ते निवडता येतं. मी आता खराब लायनीवर नेहमी आरएफ ठेवते, ऑटो गेन, म्हणजे सिग्नलची उंची आपोआप कमीजास्त करणं, बंद करते आणि गेट खाली आणते. ऑटो गेनचं काय होतं की ते सगळ्यात उंच टोकाला ऐंशी टक्क्यांवर आणून ठेवतं, मग पहिला बारीक उंचवटा आहे तिथेच राहतो. हाताने सहा डीबी वाढवलं की उंची दुप्पट, पंधराचा तीस टक्के होतो आणि गेटमधे येतो, मागचं टोक स्क्रीनच्या वर गेलं तरी चालेल, आपल्याला पहिलंच हवं असतं.

दुसरी गोष्ट लॅमिनेशनची. प्लेटमधे मधेच थर सुटलेला असेल तर तिथून एको येतो आणि आकडेवालं मशीन बिनधास्त अर्धी जाडी दाखवतं, आणि प्लांटमधे धावपळ सुरू होते की लाइन निम्मी गेली. इथे वेव्ह बघून कळतं, मधला एको एकदम स्वच्छ आणि तीक्ष्ण असतो, बऱ्याचदा त्याच्यामागे खऱ्या बॅकवॉलचा, म्हणजे पाइपच्या आतल्या पृष्ठभागाचा, पण दिसतो. गंजाचा तसा कधीच येत नाही, तो रुंद आणि फाटलेला असतो. दोनतीन वेळा या एका गोष्टीमुळे क्लायंटचं अख्खं फॅब्रिकेशनचं काम वाचलंय.

पेंटवरून मोजायचा मोड पण चांगला आहे, पण जरा समजून वापरायला लागतो. रंगातून आवाज स्टीलच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो, त्यामुळे ०.३ मिलिमीटरचा रंग मशीनला पाऊण मिलिमीटर स्टीलसारखा वाटतो. हा मोड पहिल्या आणि दुसऱ्या बॅकवॉल एकोमधलं अंतर मोजतो, रंग दोन्हीत सारखाच असल्यामुळे वजा होऊन जातो, डोकं लावून केलेली गोष्ट आहे. पण आतून खड्डे असतील तर दुसरा एको येतच नाही किंवा इतका अशक्त येतो की मशीन तिसऱ्यालाच दुसरा समजतं. तेव्हा रंग खरवडून साध्या मोडमधे घ्यायचं, आळस करायचा नाही. चांगल्या लायनीवर मात्र या मोडने माझा अर्धा वेळ वाचवलाय, रंग खरवडा, मोजा, परत टचअप करा हे सगळं गेलं.

आता तक्रारी. पहिली अ‍ॅव्हरेजिंगची. कंपनीतून मशीन येतं तेव्हा १६ वेव्हचं अ‍ॅव्हरेज आधीच चालू असतं आणि ते मेनूत तीन पानं आत लपलेलं आहे. अ‍ॅव्हरेजिंग वाईट नाही, इलेक्ट्रिकल नॉइज जो येईल तसा इकडे तिकडे असतो तो १६ वेळा मिळवून भागला की चारपट कमी होतो, बारा डीबीचा फायदा, शेजारी वेल्डिंग चालू असताना तर देवासारखं उपयोगी पडतं. पण प्रोब एका जागी स्थिर असेल तरच. मी खड्डे शोधायला प्रोब सरकवत नेते तेव्हा त्या सोळा वेव्ह सोळा वेगळ्या जागांच्या होतात, तीन मिलिमीटर रुंदीचा खड्डा आजूबाजूच्या चांगल्या भिंतीत मिसळून जातो आणि स्क्रीनवर काहीच हलत नाही. हे मला ट्रेनिंगमधे कोणी सांगितलं नाही. एका पाण्याच्या लाइनच्या तळाला, सहाच्या जागेवर, हेल्परने सरकवत नेलं तेव्हा सगळं ६.५, आणि मी अ‍ॅव्हरेज बंद करून तीच पट्टी परत घेतली तर एका जागी ३.९. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ही सेटिंग शोधून ठेवा. स्कॅनला बंद, एका जागच्या रीडिंगला चालू.

आणि स्टेनलेसवर अ‍ॅव्हरेजिंगकडून काही अपेक्षा ठेवू नका. तिथला गवतासारखा दिसणारा नॉइज धातूच्या दाण्यांमुळे येतो, प्रोब जागेवर असेपर्यंत तो दर वेळी हुबेहूब तोच येतो, हजार वेळा अ‍ॅव्हरेज केलं तरी जाणार नाही. तिथे प्रोब जराजरा हलवून वेगवेगळ्या जागांच्या वेव्ह बघाव्या लागतात किंवा कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावावा लागतो. शिवाय स्टेनलेसला वेग बदलायला विसरू नका, ३०४ ला साधारण ५.७ असतो, ५.९२ तसाच ठेवला तर सात मिलिमीटरला पाव मिलिमीटर जास्त येतं. आम्ही त्याच मटेरियलचा स्टेप वेज (माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा तुकडा) बरोबर ठेवतो आणि त्यावरच सेट करतो, टेबल बघून नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि मला याचा खरंच राग आहे. मशीन वेव्ह सेव्ह करतं, पण कॉम्प्युटरवर घेतली तर फोटो मिळतो, नुसतं चित्र. त्या वेव्हचे आकडे, ज्यावर पुढे काही काम करता येईल, ते हवे असतील तर वेगळं लायसन्स, आणि त्याचे पैसे वेगळे. विकताना सांगितलं होतं की डेटा पूर्ण एक्स्पोर्ट होतो. पूर्ण म्हणजे थिकनेसचे आकडे, हे नंतर कळलं. अहो सिग्नल माझा आहे, परांचीवर चढून मी घेतलाय, तो मशीनच्या पोटात अडकवून ठेवायचा आणि सोडवायला परत पैसे मागायचे हे मला पटत नाही. दोन महिने मेल आणि फोन करून शेवटी लायसन्स कमी पैशात मिळालं. तुम्ही ऑर्डर द्यायच्या आधी हे लेखी घ्या, की आरएफ वेव्ह सीएसव्हीमधे, म्हणजे आकड्यांच्या फाइलमधे, मिळेल, त्याच किमतीत.

लायसन्स मिळाल्यावर मात्र खरी मजा सुरू झाली. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातली सायपाय ही गणिताची लायब्ररी शिकवली, दोन्ही फुकट आहेत, आणि सायपायमधल्या सिग्नलच्या भागात आपल्या कामाचं जवळपास सगळं तयार मिळतं. मी करते ते अगदी साधं आहे. आधी २ ते ८ मेगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर लावते, म्हणजे डीसी, कमी फ्रिक्वेन्सीची डुगडुग आणि वरचा कचरा दोन्ही जातं. तो पुढून आणि मागून असा दोनदा चालवायचा, फिल्टफिल्ट नावाचं फंक्शन आहे, कारण साधा फिल्टर सिग्नल थोडा पुढे ढकलतो आणि आपण तर वेळच मोजतोय. मग हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म करून एन्व्हलप काढते, म्हणजे लाटेची वर खाली नाही तर तिची बाहेरची टोपी. टोपीला सायकल नसतात, त्यामुळे सायकल चुकायचा प्रश्नच येत नाही. टोपीवरून एको साधारण कुठे आहे ते ठरवायचं, आणि मग त्या जागेत मूळ लाटेचा पहिला चढ शोधायचा. मशीन १०० मेगाहर्ट्झने सॅम्पल घेतं, म्हणजे दोन ठिपक्यांमधे ०.०३ मिलिमीटर, मधलं अंतर तीन ठिपक्यांतून वक्र काढून भरता येतं.

त्या एल्बोची वेव्ह मी अशी काढली तर ४.७८ आलं. कापून मायक्रोमीटरने आलेलं ४.७ सगळ्यात पातळ जागेचं होतं, प्रोबखाली काही एकच बिंदू नसतो, त्यामुळे एवढा फरक मला मान्य आहे. मागच्या सर्व्हेच्या तीनशे चाळीस वेव्ह मी एका रात्रीत अशा परत चालवल्या, अकरा जागी मशीनचा आकडा आणि माझा आकडा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वेगळा निघाला, त्या अकरा जागी परत जाऊन हाताने तपासलं, नऊ ठिकाणी मशीन सायकल चुकलेलं होतं. दोन ठिकाणी माझा प्रोग्रॅम चुकला, तिथे रंग सुटलेला होता आणि दोन एको एकमेकांवर चढले होते. म्हणून प्रोग्रॅमवर पण डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, तो फक्त कुठे परत जायचं ते सांगतो.

हे आपल्या हातच्या कामाचं झालं. पेट्रोल डिझेलच्या लांबच्या लायनी, मुंबई-मनमाडसारख्या, तिथे प्रोब घेऊन चालत जाणं शक्यच नाही, अशा लायनींना आतून पिग, म्हणजे पाइपमधून पुढे ढकललं जाणारं तपासणीचं यंत्र, सोडतात, आणि पिगचा अल्ट्रासोनिक प्रकार असेल तर त्यात शेकडो प्रोब असतात, आतलं तेलच कपलंटचं, म्हणजे आपल्या ग्रीससारखं आवाज प्रोबमधून पाइपमधे नेण्याचं, काम करतं. गॅसच्या लाइनमधे द्रव नसतो म्हणून तिथे मॅग्नेटिक किंवा ईमॅट (विद्युत-चुंबकाने थेट धातूतच आवाज निर्माण करणारा प्रकार) वापरतात. पण प्रश्न तोच, खड्ड्यात एको हरवला तर आकडा कुठून आणणार, आणि तिथे प्रत्येक वेव्ह माणसाने बघणं शक्य नाही, सगळं प्रोसेसिंगवर. मी त्या कामात नाही, पण ज्यांचा अभ्यास चालू आहे त्यांनी इकडे जरूर लक्ष द्या, काम भरपूर आहे.

बाकी मशीनचं. बॅटरी दिवसभर जाते, ब्राइटनेस फुल ठेवला तरी दुपारी चारपर्यंत पुरते. उन्हात स्क्रीन ठीक दिसते पण आरएफची बारीक रेघ दिसायला डोक्यावर कापड घ्यावं लागतं. प्रोबची केबल दीड वर्षात दोनदा बदलली, कनेक्टरपाशी तुटते, ग्रीस आत जातं, मी आता तिथे टेप गुंडाळून ठेवते. गरम लाइनला टेंपरेचर करेक्शन आहे, वापरा, कारण स्टीलमधला वेग दर ५५ डिग्रीला साधारण एक टक्का कमी होतो, १७० डिग्रीच्या लाइनवर आठ मिलिमीटर ८.२ दिसतं. मात्र बरोबर आलेला प्रोब त्या तापमानाचा नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तो पण काही सेकंदच टेकवायचा, मग थंड होऊ द्यायचा. सर्व्हिसला माणूस आठवड्यात आला, व्यवस्थित बोलला, पण सिग्नलबद्दल विचारलं तर त्याला मेनूच्या पलीकडे माहिती नव्हती.

कोणी घ्यावं? तुमचं काम नवीन पाइप तपासायचं असेल, गुळगुळीत, रंग नसलेला, तर एवढे पैसे घालू नका, साधं आकडेवालं पुरे आहे. चालू प्लांटमधल्या जुन्या लायनी असतील तर ए-स्कॅन शिवाय घेऊच नका, आणि आरएफ दाखवत नसेल तर तेही नको. मी पाचपैकी साडेतीन देईन, ते लायसन्सचं आधी सांगितलं असतं तर चार दिले असते.

आणि डेमोला जाल तेव्हा त्यांच्या चकचकीत स्टेप ब्लॉकवर बघू नका, त्यावर सगळीच मशीनं बरोबर येतात. गंजलेला तुकडा घेऊन जा. त्या एल्बोचा कापलेला अर्धा भाग माझ्या ऑफिसमधे टेबलावर आहे, आतून पातळ जागा खडूने मार्क करून प्रत्येकीचं मायक्रोमीटरचं माप लिहून ठेवलंय. तळोज्याच्या जवळपास असाल आणि मशीन बघायला जाणार असाल तर इथे कमेंटमधे सांगा, दोन दिवसासाठी घेऊन जा, फक्त परत आणून द्या.